जुनं घड्याळ, नवा मुलामा



तुळशीचं लग्न आटोपलं की घरोघरी याद्या सुरू होतात. मानपान, आहेर, रुखवत असं सगळं लिहून झालं की शेवटी एक प्रश्न उरतोच. जावयाला काय द्यायचं? पूर्वी याचं उत्तर सोपं होतं : सायकल, रेडिओ नाही तर मनगटी घड्याळ. सायकल आणि रेडिओ मागे पडले, घड्याळ मात्र अजून टिकून आहे. फक्त आता त्याला एक नवी हौस चिकटली आहे. दुकानातलं नवं कोरं घड्याळ नको, जुनं, खानदानी, स्विस हवं! त्याला 'विंटेज' म्हणतात. आणि हौस तिथे फसवणूक, हे काही आपल्याला नव्यानं सांगायला नको.

नांदेडच्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. त्या लिहितात, "धाकट्या भाऊजींच्या ओळखीचे हैदराबादचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे जुनं ओमेगा घड्याळ आहे. आजोबा निजामाच्या नोकरीत होते, त्यांना ते बक्षीस मिळालेलं. चाळीस हजार सांगतात. माझी भिशी याच महिन्यात लागणार आहे. आमचे हे म्हणतात, तुझे पैसे, तूच ठरव. घेऊ का?"

ताई, घड्याळ न बघता 'घ्या' म्हणणं चूक आणि 'घेऊ नका' म्हणणंही चूक. एवढं मात्र आजच सांगते : विसार म्हणून एक रुपयाही देऊ नका. बाकी काय बघायचं ते सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पारख आपल्याकडे आहेच

घड्याळ म्हणजे पुरुषांचा प्रांत, त्यातलं आपल्याला काय कळतं, असं पुष्कळजणी म्हणतात. अहो, माठ बोटानं वाजवून घेतो आपण. बोहारणीशी एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस करतो. पैठणी दाखवली की पहिल्यांदा पदर उलटा करून बघतो, कारण हातमागाच्या खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. घड्याळालाही हेच लावायचं. पुढून सगळेच छान दिसतात. पारख करायची ती उलटं करून.

ही घड्याळं येतात कुठून?

आपल्या भागात जुनं स्विस घड्याळ निघणं मुळीच अशक्य नाही. फेव्हर-ल्यूबा या कंपनीचा मुंबईशी संबंध १८६५ पासूनचा. वेस्ट एंड वॉच कंपनीचं नाव १८८६ पासूनचं. तिचं 'सोवार प्राइमा' घड्याळ हिंदुस्थानात पुष्कळ खपलं. नांदेड-लातूरचा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि मोठी खरेदी म्हटली की माणसं हैदराबादचाच रस्ता धरत. तेव्हा एखाद्या वाड्यातल्या फडताळात अस्सल घड्याळ असू शकतं. म्हणूनच तर 'निजामाच्या नोकरीतले आजोबा' ही गोष्ट आपल्याला चटकन पटते.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधनं आली. नवं स्विस घड्याळ मिळणं दुर्मीळ झालं. जे यायचं त्यात चोरट्या मार्गानं आलेलंही खूप असायचं. मग हाताशी असलेलं घड्याळच वर्षानुवर्षं चालवायचं. त्यातूनच आपले घड्याळ दुरुस्त करणारे कारागीर तरबेज झाले. डायल काळवंडली, पुन्हा रंगवली. काटा मोडला, दुसऱ्या घड्याळाचा बसवला. कडेचा मुलामा उडाला, पुन्हा चढवला. यात फसवणूक काहीच नव्हती. गिऱ्हाइकानंच सांगितलेलं काम होतं आणि घड्याळ त्याच्याच मनगटावर परत जात होतं.

पुढे जुन्या घड्याळांना जगभर शौकीन मिळाले आणि तीच विद्या दुसऱ्या कामाला लागली. तीन मोडक्या घड्याळांतून एक चालतं करायचं, त्यावर ताजी रंगवलेली डायल चढवायची आणि 'जुनं, अस्सल, न वापरलेलं' म्हणून विकायचं. अशा घड्याळांना परदेशातल्या शौकिनांनी 'मुंबई स्पेशल' असं नावच ठेवलं आहे. ऐकायला काही बरं वाटत नाही!

हे फक्त स्विस घड्याळांचंच झालं असं नाही. आपल्या एचएमटीचंही झालं. घड्याळं बनवणाऱ्या एचएमटी कंपनीला टाळं लागणार अशी बातमी २०१४ साली आली, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं ती बंद करायला मंजुरी दिली. लगेच 'जनता', 'पायलट', 'कांचन' यांना मागणी आली. मग काय, नारिंगी, हिरव्या, लाल डायलींची 'पायलट' घड्याळं दिसू लागली, कुणावर विमान, कुणावर सैन्याचं चिन्ह, कुणावर गांधीजी. पायलटची खरी ओळख ती काळ्या डायलची. बँका, कारखाने, संस्था समारंभासाठी एचएमटीकडून आपलं चिन्ह असलेली घड्याळं करून घेत, हे खरं. पण ती एकेका प्रसंगाची असत. एकाच विक्रेत्याकडे एकाच चित्राची डझनभर घड्याळं, तीही नवी कोरी, दिसली की समजून घ्यावं.

आधी गोष्ट तपासा

घड्याळाबरोबर नेहमी एक गोष्ट येते. आजोबांची, साहेबाची, संस्थानाची. गोष्टीत एक साल दडलेलं असतं. ते शांतपणे विचारून घ्या आणि पुढच्या सालांशी ताडून बघा :

रोलेक्स हे नाव नोंदवलं गेलं ते १९०८ साली. त्याआधीचं रोलेक्स असू शकत नाही. पाणी आत न शिरणारं 'ऑयस्टर' आलं १९२६ साली, आणि तारीख आपोआप बदलणारं 'डेटजस्ट' १९४५ साली.

बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला तो १९६१ साली. तेव्हा हैदराबाद मुक्तिसंग्रामात आजोबांनी हेच एचएमटी घातलं होतं, असं कुणी सांगितलं तर आजोबांना नमस्कार करावा आणि घड्याळ परत द्यावं. टायटनची घड्याळं तर १९८७ साली बाजारात आली.

सेलवर चालणारं क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ जपानच्या सायको कंपनीनं विकायला काढलं ते डिसेंबर १९६९ मध्ये. त्याआधीचं म्हणून दाखवलेल्या घड्याळात सेकंदाचा काटा सेकंदाला एक अशा सुट्ट्या उड्या मारत असेल, तर आत सेलचं मशीन बसवलेलं आहे असं समजा.

साल जुळत नसेल तर माणूस खोटारडाच असतो असंही नाही. त्यालाही कुणीतरी हीच गोष्ट सांगून ते गळ्यात मारलेलं असेल. पण त्याची भरपाई आपल्या भिशीतून कशासाठी?

आता घड्याळ हातात घ्या

चांगला उजेड, एक भिंग आणि अर्धा तास, एवढं पुरे. कपाटातल्या वाचायच्या भिंगानंही पुष्कळ दिसतं.

*कान.* घड्याळ कानाशी धरा. जुन्या चावीच्या घड्याळाची टिकटिक बारीक, भरभर आणि एकसारखी असते. पुष्कळ जुनी मशीनं ताशी १८,००० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला पाच. त्यामुळे सेकंदाचा काटा जवळजवळ सरकत जातो. मध्येच अडखळला, आवाज लंगडला तर मशीन आजारी आहे.

*डायल.* सगळ्यात जास्त खोटेपणा इथे होतो. मूळ छपाईची अक्षरं भिंगाखाली रेखीव, कडा स्वच्छ आणि रंग सगळीकडे सारखा दिसतो. पुन्हा रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाड-बारीक, शाई पसरलेली, दोन ओळींमधलं अंतर कमीजास्त. मिनिटांच्या बारीक रेघा मोजा. त्या आकड्यांच्या आणि ठोकळ्यांच्या नेमक्या समोर आहेत का? कंपनीचं नाव बरोबर १२ च्या खाली मध्यावर आहे का? पन्नास-साठ वर्षांच्या घड्याळाची डायल आरशासारखी लखलखीत असेल तर खूश होऊ नका. साठीच्या माणसाच्या डोक्यावर एकही पांढरा केस नसेल, तर आपण मनात काय म्हणतो?

रोमन आकड्यांच्या डायलवर चार हा आकडा पुष्कळदा चार उभ्या काड्यांनी लिहिलेला असतो. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. तिसरीच्या मुलांना घड्याळ शिकवायला घेतलं की कुणीतरी हात वर करून म्हणतंच, "बाई, हे चुकलंय!" चुकलेलं नाही. घड्याळात ती जुनी रीतच आहे. तेवढ्यावरून घड्याळाला खोटं ठरवू नका.

डायलच्या अगदी तळाशी, ६ च्या खाली, 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' हे अक्षर दिसतं का बघा. अंधारात चमकणाऱ्या ट्रिशियम या पदार्थाची ती खूण. साधारण १९६० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंतच्या घड्याळांवर ती असते. घड्याळ १९४० चं म्हणून सांगतात आणि डायलवर ही खूण आहे, तर निदान डायल तरी नंतर आलेली आहे.

*काटे.* मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचला पाहिजे. अलीकडेच थांबला किंवा रेघांच्या पलीकडे गेला, तर तो दुसऱ्या घड्याळाचा. काट्यांवरचा चमकीचा लेप आणि डायलवरचा लेप एकाच वयाचा दिसायला हवा. डायलवर जुन्या तुपासारखा पिवळट आणि काट्यांवर हिरवागार, असं असेल तर दोघांची भेट अलीकडचीच आहे.

*चावी.* बाजूच्या चावीवर नामांकित कंपन्यांची खूण असते : रोलेक्सचा मुकुट, ओमेगाचं घोड्याच्या नालासारखं अक्षर. मात्र चावी आणि काच ही झिजणारी, बदलावी लागणारी वस्तू. एवढ्या एका गोष्टीवरून निकाल देऊ नका; बाकीच्या खुणांच्या जोडीला धरा.

*कडा आणि पाठ.* फार पॉलिश केलेल्या घड्याळाच्या कडा चोखलेल्या गोळीसारख्या गोल होतात. पाठीवरचे आकडे पुसट होतात. जुन्या रोलेक्सच्या ऑयस्टर घड्याळाचा पट्टा काढला की दोन कानांच्या मधल्या जागेत आकडे कोरलेले दिसतात. १२ च्या बाजूला मॉडेलचा क्रमांक, ६ च्या बाजूला त्या घड्याळाचा स्वतःचा क्रमांक. आकडे धारदार कोरलेले हवेत, ॲसिडनं खाल्ल्यासारखे नकोत. 'पट्टा काढता येत नाही' असं म्हणणाऱ्याला आपणही 'पैसे काढता येत नाहीत' म्हणावं. आणि जुनं रोलेक्स म्हणून दाखवतात, पण पाठीमागे काच लावून मशीन दिसेल असं केलेलं आहे, तर लगेच सावध व्हा. त्या काळच्या रोलेक्सची पाठ बंद धातूची असे.

*सोनं.* इथे तर आपण कुणाला हार जाणार नाही. 'सोन्याचं घड्याळ' म्हणजे तीन प्रकार : भरीव सोनं, सोन्याचा पत्रा चढवलेलं रोल्ड गोल्ड आणि नुसता मुलामा. पाठीवर 'मायक्रॉन' हा शब्द आणि आकडा असेल, तर ती मुलाम्याची जाडी झाली. चावीजवळ आणि कानांच्या टोकाला घासून आतलं पितळ डोकावतं का बघा. स्विस बनावटीच्या १८ कॅरेट घड्याळात आतल्या बाजूला ७५० किंवा ०.७५० असा आकडा आणि शिक्का असतो. १९९५ पर्यंत हा शिक्का स्त्रीच्या मुखाचा असे, त्यानंतर सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या तोंडाचा. आपल्याकडे २०२१ साली दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती झाली तेव्हा घड्याळांना त्यातून वगळलं होतं. म्हणून घड्याळावर आपला हॉलमार्क नसला तर ते खोटं ठरत नाही. ओळखीच्या सराफाकडे सोनं तपासायचं मशीन असेल, तर तिथे नेऊन दाखवा. घासायचीही गरज पडत नाही.

*मशीन.* ही शेवटची आणि खरी परीक्षा. गंजगोलाईत असो की वजिराबादेत, डोळ्याला भिंग लावून बसणारा एखादा जुना घड्याळ-कारागीर तुमच्या माहितीत असेलच. त्याच्यासमोर, विकणाऱ्याच्या देखत, मागचं झाकण उघडायला लावा. मशीनवर कंपनीचं नाव आहे का? डायलवर एक आणि आत दुसरंच तर नाही? मशीन घरात नीट बसलंय, की प्लॅस्टिकची कडी घालून मोकळी जागा भरली आहे? ओमेगाच्या जुन्या मशीनवर क्रमांक कोरलेला असतो आणि त्यावरून घड्याळाचं साधारण साल लावता येतं. नांदेडच्या ताईंनी हे नक्की करावं, म्हणजे आजोबांचं साल आणि मशीनचं साल समोरासमोर येईल.

झाकणाच्या आतल्या बाजूला कधीकधी बारीक अक्षरांत काहीतरी ओरखडल्यासारखं दिसतं. ते बघून नाक मुरडू नका. पूर्वी कारागीर दुरुस्ती केली की तिथे आपली खूण, तारीख टोकदार हत्यारानं लिहून ठेवत. घड्याळ खरंच कुणाच्या तरी मनगटावर आयुष्य काढून आलेलं आहे, याचा तो पुरावाच म्हणायचा.

दुरुस्ती वेगळी, लबाडी वेगळी

काच बदलली, स्प्रिंग बदलली, तेलपाणी केलं, नवा पट्टा लावला, यात काहीच वावगं नाही. डायल रंगवलेलं घड्याळसुद्धा 'डायल रंगवलेली आहे' असं सांगून त्याच्या योग्य किमतीला दिलं, तर घ्यावं खुशाल. वेळ ते चांगलीच दाखवेल. रंगवलेल्याला मूळचं म्हणणं आणि मूळची किंमत मागणं, ही लबाडी.

म्हणून पावती मागायची. तीही लेखी : कंपनीचं नाव, मॉडेल, क्रमांक, डायल मूळची की रंगवलेली, मशीन मूळचं की बदललेलं, किंमत, तारीख, सही. जुनी पेटी आणि जुने कागद दाखवले तर त्यावरचे क्रमांक घड्याळावरच्या क्रमांकांशी जुळवा. पेट्याही वेगळ्या विकत मिळतात.

'बिल कसलं वहिनी, तेव्हा बाहेरूनच यायची ना घड्याळं' असं कुणी डोळा मिचकावून सांगितलं, तर एक लक्षात ठेवा. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या १२३ व्या कलमात सोन्याबरोबर घड्याळांचंही नाव आहे. चोरट्या आयातीच्या रास्त संशयावरून असा माल जप्त झाला, तर तो तसा नाही हे दाखवायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडला त्याच्यावर येते. तेव्हा कागद ही काही नुसती औपचारिकता नाही.

दुकानदारानं फसवलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. खोटं व्यापारचिन्ह लावलेला माल विकणं हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानं गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र ओळखीच्या ओळखीतल्या माणसाकडून, घरगुती व्यवहारात घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायद्याचा आधार सहसा मिळत नाही. मग पोलिसात जायचं, आणि नात्यात वितुष्ट आणायचं. भाऊजींच्या ओळखीचं म्हणून तपासणी सोडायची नाही, उलट जास्त करायची. "माझा कारागीर बघेल आणि मग पैसे देईन," हे हसून म्हणता येतं. वस्तू खरी असेल तर समोरच्याला राग यायचं कारणच नाही.

आपल्या कपाटातलं घड्याळ

आता दुसरी बाजू. ती मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. खोटं घड्याळ बाहेरूनच येतं असं नाही. कधीकधी आपणच घरातल्या खऱ्याचं खोटं करून टाकतो.

लातूरला माझी एक शिक्षिका मैत्रीण आहे. तिचे वडीलही शिक्षकच. १९७९ साली ते निवृत्त झाले, तेव्हा सहकाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना एचएमटीचं घड्याळ दिलं. पाठीवर त्यांचं नाव, शाळेचं नाव आणि तारीख कोरून घेतली होती. ते गेल्यावर घड्याळ आईच्या ट्रंकेत राहिलं. आईच्या पंचाहत्तरीला नवं करून द्यावं म्हणून भावानं ते मोठ्या शहरात एका दुकानात दिलं. आलं ते झगमगत. पांढरी शुभ्र डायल, चकचकीत काटे आणि पाठ तर आरशासारखी गुळगुळीत. आईनं हातात घेतलं, उलटं केलं, अंगठा फिरवून बघितला आणि विचारलं, "हे कुणाचं आहे रे?"

मुलाचा हेतू चांगला होता. दुकानदारानंही सांगितलेलं कामच केलं. पण ती अक्षरं आता कोण परत आणणार?

म्हणून घरात वडिलांचं, मामंजींचं, आजेसासऱ्यांचं घड्याळ असेल तर एवढं करा :

१. दुरुस्तीला देण्याआधी पुढून, मागून आणि जमलं तर झाकण उघडून मशीनचा फोटो काढा. सगळे आकडे हिशेबाच्या वहीत लिहा.

२. चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या : 'फक्त सफाई आणि तेल. पॉलिश नाही. डायलला हात लावायचा नाही.'

३. बदललेला प्रत्येक भाग परत मागा, मोडका असला तरी.

४. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या घड्याळाला उगीच चावी देत बसू नका. आतलं तेल वाळलेलं असतं, चाकं झिजतात. आधी सफाई, मग चावी.

५. ओलसर कपाट आणि स्पीकरचं लोहचुंबक, दोन्हींपासून दूर ठेवा. मऊ कोऱ्या सुती कापडात गुंडाळलेलं बरं.

६. अंधारात चमकणारी फार जुनी घड्याळं खरोखरच्या रेडियमची असतात. आता चमकत नसली तरी त्यातला रेडियम संपलेला नसतो. असं घड्याळ घरी उघडू नका, लेप खरवडू नका, मुलांना खेळायला देऊ नका.

७. 'जुनं द्या, नवं घ्या' म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. जुन्या लुगड्यावर पातेलं घेणं निराळं आणि जुन्या वेस्ट एंडवर सेलचं घड्याळ घेणं निराळं.

आणि विकायचंच झालं, अडचण कुणाला येत नाही, तर एकाच माणसाचा शब्द घेऊ नका. दोन ठिकाणी दाखवा, किंमत ऐका आणि घरी येऊन एक रात्र झोपा. डाग पडलेली, पिवळी झालेली मूळ डायल जाणकाराला रंगवलेल्या लखलखीत डायलपेक्षा अधिक मोलाची वाटते. तेव्हा 'डायल खराब आहे हो' म्हणून भाव पाडणाऱ्यापुढे मान तुकवू नका.

नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या माघारी घर चालवणाऱ्या बायकांना मी हे मुद्दाम सांगते. अशा वेळी दारात येणारा माणूस फार गोड बोलतो. त्याला तुमच्या ट्रंकेत काय आहे ते ठाऊक असतं, आणि आपल्यालाच ठाऊक नसतं. ते ठाऊक करून घ्यायला एक दुपार पुरते. जेवणं आटोपली, भांडी झाली की ट्रंक उघडा, घड्याळ उलटं करा आणि पाठीवर काय लिहिलंय ते वहीत उतरवून घ्या. लेकी-सुनांना जवळ बसवा. ते कुणी, कुणाला, कधी दिलं ते आठवतं आहे तोवर तेही लिहून ठेवा.

तुमच्याकडे काय निघालं ते मला जरूर कळवा.